मागच्या डाव्या दाराचे रेक्झिन

सोमवार, २४ नोव्हेंबर १९७५. आकाश निरभ्र. पहाटे घोड नदीवर धुके होते, ऊन चढल्यावर विरले. दिवसभर वारा नाही.

दुपारी न्हावऱ्याचे साहेबराव आपली जुनी लँडमास्टर मोटार घेऊन माझ्या शेडवर आले. शिरूरला नगर रस्त्यालगत माझी पत्र्याची शेड आहे. मोटारींच्या गाद्या, टप आणि दारांचे आतले रेक्झिन, एवढेच काम मी करतो. हे काम खडकीच्या लष्करी वर्कशॉपात शिकलो. लिहिणे मात्र माझे मीच शिकलो, आणि आज काय उसवले, काय शिवले, हे झोपण्यापूर्वी लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही.

गाडी बाहेरून अजून तुकतुकीत होती. आतून दारे पार गेली होती. मरून रेक्झिन उन्हाने तडकले होते, कडा सुटल्या होत्या, आतला कापूस लोंबत होता.

"मिस्त्री, चारी दारं आतनं नवी करायची," साहेबराव म्हणाले. "शुक्करवारी हिला दौंडला म्हायेरी सोडायचंय. पहिलटकरीण हाय. फाटक्या गाडीतनं नेली तर सासरा आयुष्यभर ऐकवंल."

त्यांची मंडळी, कुशाबाई, मागच्या गादीवर उजव्या बाजूला बसल्या होत्या. दिवस भरत आलेले. मी रेक्झिनचे तुकडे दाखवले तेव्हा साहेबरावांनी लाल उचलला.

"लाल नगं," त्या आतूनच म्हणाल्या. "एसटीत बसल्यावानी वाटंल. तो दुधी घ्या."

"दुधी? लेकरू त्याच्यावर काय काय करंल, ठाव हाय का?"

"मंग तुम्ही पुसा. गाडी तुमची, लेकरूबी तुमचंच."

आम्ही तिघेही हसलो. मी दारे बघू लागलो. तीन दारे नुसती जुनी झाली होती. मागचे डावे दार तसे नव्हते. हात टेकायच्या जागेच्या वर रेक्झिन चिरले होते. चार रेघा, एकीला लागून एक, खालून वर गेलेल्या.

"हे कशाने फाटले?"

साहेबरावांनी रस्त्याकडे पाहिले. "कांद्याची पोती भरलीवती एकदा."

पोत्याने असे फाटत नाही. पण गिऱ्हाइकाला किती विचारावे याला हद्द असते. गाडी ठेवून ती दोघे एसटीने परत गेली.

मंगळवारी तीन दारे उघडली. काचेच्या हँडलमागची चकती दाबून बारीक पिन काढायची, मग हँडल निघते. मग पातळ पट्टी कडेने सरकवत एकेक क्लिप सोडायची की आतल्या रेक्झिनसकट पुठ्ठ्याची फळी हातात येते. घाई केली तर पुठ्ठा क्लिपेपाशी तुटतो. मी घाई करत नाही. जुने रेक्झिन फाडून टाकायचे नाही. ते ओलसर फडक्याने मऊ करून अख्खे सोलायचे, कारण तोच नव्याचा बेत, म्हणजे कापायचा नमुना, असतो. वाकलेल्या पुठ्ठ्याला वाफ देऊन वजनाखाली ठेवायचे. तिन्ही दारांचे हे सगळे विनातक्रार झाले.

बुधवारी मागचे डावे दार घेतले. क्लिपा सुटल्या तरी फळी हलेना. निरखून पाहिले तेव्हा चारही कोपऱ्यांत खिळे दिसले. बैलाच्या नालाचे असतात तसे, चपट्या डोक्याचे, पुठ्ठ्यातून थेट दाराच्या पत्र्यात ठोकलेले. डोक्यांवर काहीतरी काळे माखले होते. एखाद्या अडाणी फिटरचे काम असेल, असे मला वाटले. मोटारीच्या दाराला कोणी खिळे ठोकत नाही. पत्रा गंजतो. मी पकडीने चारही उपसले आणि पिशवीतल्या डबीत टाकले. गिऱ्हाइकाच्या गाडीतून निघालेली वस्तू मी फेकत नाही.

फळी ओढली आणि दारातून धान्य घळघळ वाहू लागले.

राळे होते. बारीक, पिवळे. दार अर्ध्यापर्यंत भरलेले होते. काचेच्या फटीतून कोणीतरी ओंजळी-ओंजळीने ओतल्याशिवाय एवढे आत जाणे शक्य नाही. दाण्यांबरोबर एक वास आला. बाळंतिणीच्या खोलीत ओवा-शेपांची धुरी देतात तो वास, पण त्याखाली ओले, शिळे असे काहीतरी. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. मग खराटा घेतला, शेड झाडली, दाराचा कोनाकोपरा ब्रशने साफ केला आणि राळे चिमण्यांसाठी कुंपणापाशी ओतले. चिमण्या पुष्कळ जमल्या. दाण्यांभोवती फेर धरून बसल्या. तोंड एकीनेही लावले नाही.

माझे लहानपण खडकीच्या लाइनीत गेले. खेड्यातल्या कित्येक गोष्टी मला ठाऊक नव्हत्या, आणि बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतर आमच्या घरातून ताईत-गंडे गेले तेव्हा ठाऊक करून घ्यायचे कारणही उरले नाही. हे इथे एवढ्यासाठी लिहिले की वाचणाऱ्याने मला मूर्ख समजू नये.

संध्याकाळी फळी तयार झाली. नवे दुधी रेक्झिन उन्हात मऊ करून ताणले, कडा मागे वळवून सोल्युशनने चिकटवल्या, जुन्या शिवणीवर शिवण आणली. दारावर बसवले तेव्हा हाताला एक सुरकुती लागत नव्हती.

गुरुवारी सकाळी तिथे फुगवटा आलेला होता.

मधोमध, गोल, खाली जरा उतरता. आत हवा कोंडली की रेक्झिन फुगते, त्याला उपाय सोपा आहे: शिवणीतून बारीक सुई घालायची. मी सुई टेकवली. ती आत जाण्यापूर्वीच फुगवटा चटकन मागे सरला. पोटाला गार हात लागल्यावर माणूस पोट आत ओढून घेते तसा.

मी सुई मागे घेतली. शेडचा दरवाजा सताड उघडा होता, रस्त्यावरून उसाचे ट्रक जात होते, लख्ख ऊन होते. थोड्या वेळाने फुगवटा हळूहळू पुन्हा वर आला. मी फळी काढली. मागून पुठ्ठा सपाट, कोरडा. दाराच्या पोकळीत काचेच्या यंत्राशिवाय काही नाही. फळी पुन्हा बसवली, क्लिपा दाबल्या, आणि फुगवटा होता तसाच झाला.

दुपारी माझी बायको विठाबाई भाकरी घेऊन आली. मी तिला काही सांगितले नाही. एवढेच म्हणालो, "इथे जरा हात ठेव. रेक्झिन सैल वाटते का बघ."

तिने पदराला हात पुसला आणि तळवा टेकवला. तिचा चेहरा निवळला. शेजारणीच्या पोटावर हात ठेवावा तसा तिने हात जरा डावीकडे सरकवला, थांबली, आणि सहज म्हणाली, "कितवा?"

मग आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आले.

तिने हात झटकन काढला नाही. सावकाश काढला, जसा झोपलेल्या मुलावरून काढतात. "तुम्ही ठेवा..." ती हळू आवाजात म्हणाली.

मी ठेवला. रेक्झिन कोमट होते. काही वेळ काहीच नव्हते. मग आतून, तळव्याच्या बरोबर मध्ये, एक लहानशी टाच फिरली.

"कुणाची गाडी ही?"

"साहेबरावांची. न्हावऱ्याच्या."

"त्यांना सांगा."

"काय सांगू?"

 भाकरी तिथेच ठेवून ती गेली. मी जेवलो नाही.

शुक्रवारी सकाळी साहेबराव गाडी न्यायला आले. दारे बघून खूश झाले. मागच्या डाव्या दाराकडे मात्र त्यांनी पाहिलेच नाही. मी म्हणालो, "त्या दाराचे मला समाधान नाही. आजची फेरी रद्द करा. दुसरी गाडी करा."

"आत्ता कुठनं आणू? कारखान्याला सगळ्या ट्रका लागल्यात, आन् एसटीत तिला दौंडपातुर खड्ड्याखड्ड्यांनी नेऊ? सोमवारी न्हावऱ्यापातुरच्या धक्क्यांनीच ती बेजार झाली." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. मग म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही चला सोबत. दौंडपातुर. मी एकटा... त्या रस्त्यानं मी तीन वर्सांत गेलेलो न्हाई."

तेव्हा त्यांनी सांगितले. दुष्काळाच्या साली त्यांची पहिली बायको, नकुशी, अडली होती. याच गाडीत, मागे डाव्या बाजूला घालून, आईला सोबत घेऊन ते तिला दौंडला नेत होते. भीमा यायच्या आधी गाडी बंद पडली. साहेबराव बॅटरीशी झटत राहिले आणि ती मागे दाराला रेटा देत राहिली. गाडी चालू झाली तेव्हा रेटा थांबला होता. मूल पोटातच राहिले.

"तिला अग्नी दिला तवा पोट तसंच हुतं," ते म्हणाले. "आई म्हणाली, बघू नगंस. मी बघितलं न्हाई."

मी त्यांच्याबरोबर निघालो.

न्हावऱ्याला वाडीवस्तीच्या कडेला त्यांचे घर. पुढच्या अंगणात कांदा पसरला होता. साहेबरावांच्या आई सोजराबाई त्याच सकाळी पाबळहून, लेकीकडून आल्या होत्या. त्यांनी गाडीचे दार उघडले, दुधी रेक्झिन पाहिले आणि उंबऱ्यावर बसावे तशा मातीत बसल्या.

"खिळं कुणी काढलं?"

"मी काढले, आजी," मी म्हणालो.

"आन् राळं?"

"झाडून टाकले."

"झाडून..." त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की शिवी दिली असती तर बरे वाटले असते. "मिस्तरी, भरल्या पोटाची बाई गेली म्हंजी ती घराकडं माघारी येती. म्हनून उंबऱ्यात खिळं ठोकत्यात, वाटंला राळं टाकत्यात. एकेक दाना येचल्याबिगर तिला म्होरं येता येत न्हाई. ही घरात मेली असती तर मी उंबऱ्यात ठोकलं असतं. ही दारात मेली... मोटारीच्या दारात. मी तिथं ठोकलं. ह्यालाबी कळू दिलं न्हाई. तीन वर्सं ती बिचारी दानं येचत बसली असंल, आन् तुम्ही खराट्यानं तिचं काम संपवलं!"

साहेबराव म्हणाले, "आई, मला सांगायचंस तरी..."

"तुला सांगून? तू बॅटरी बघत हुतास तवाबी मी सांगतच हुते!"

 मी पिशवीतून डबी काढली. खिळे तिच्यात होते. सोजराबाईंनी ते पदरात घेतले, गोठ्यातून हातोडी आणली आणि डाव्या दारापाशी गेल्या. फुगवटा आता रेक्झिनच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत गेला होता. शिवण ताणून पांढरी पडली होती. सोजराबाईंनी खिळा टेकवला. कोपऱ्यात नव्हे. मधोमध.

"सासूबाई, थांबा."

कुशाबाई ओटीवरून उतरून आल्या होत्या. माहेरी जायचे म्हणून हिरवे लुगडे नेसलेल्या. त्यांनी एका हाताने कंबर धरली होती. दुसरा त्यांनी दारावर ठेवला, खिळ्याच्या आणि रेक्झिनच्या मध्ये.

"हात काढ, कुशे."

"नका ठोकू..."

"हात काढ म्हनते!"

"आत लेकरू हाय," कुशाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "माझं हाय तसंच हाय ते. इकडं हालतंय... तिकडंबी हालतंय. खिळा त्येच्या अंगात जाईल."

"अगं, ती तुझी सवत हाय. तिला तुझं पोट पायजे."

"असंल." त्यांनी तळवा दारावर पसरला. "पर तिचं तिला बाहीर काढता आलं न्हाई. एवढंच हाय. मी हिथं बसती, ह्या बाजूला."

"वेडी झालीस का? ह्याच दारात ती..."

"म्हनूनच."

सोजराबाईंच्या हातातली हातोडी खाली आली. साहेबरावांनी माझ्याकडे पाहिले.  माझ्या घरात यातले काही मानत नाहीत. पण तो तळवा खिळ्याखालून काढा, असे माझ्या तोंडून निघाले नाही.

निघायला दुपार कलली. पुढे साहेबराव आणि मी. मागे उजवीकडे सोजराबाई, मुठीत खिळे धरून. डावीकडे कुशाबाई, दाराला पाठ नव्हे तर कूस लावून, हात रेक्झिनवर ठेवून. न्हावऱ्याचा ऊस मागे पडला. रस्ता मोकळा झाला. दोन्ही बाजूंना काळी, नांगरलेली जमीन, क्वचित बाभळ. ऊन तिरपे होऊन गाडीत आले आणि दुधी रेक्झिनवर पडले, तेव्हा आरशात मला त्याच्या आत काहीतरी सावलीसारखे फिरताना दिसले. मी आरशात पाहणे बंद केले.

आणखी काही मैल गेले. मग तो वास आला. ओवा, शेपा, आणि त्याखालचे ते ओले.

"हितंच," साहेबराव म्हणाले.

पुढे बाभळीचे एक वठलेले खोड होते. साहेबरावांनी वेग वाढवला. इंजिन चांगले चालले होते, हे मी शपथेवर सांगू शकतो, आणि तरीही गाडी सावकाश होत गेली, जशी चढाला होते. रस्ता सपाट होता. खोडापाशी ती उभी राहिली. इंजिन चालूच होते.

मागे टक्, असा आवाज झाला. क्लिप सुटल्याचा. हा आवाज मी झोपेतही ओळखीन. मग दुसरी. मग थोड्या थोड्या वेळाने, दाराच्या कडेने, एकेक. मी पातळ पट्टी घालून सोडतो त्याच क्रमाने, पुठ्ठा तुटू न देता, घाई न करता.

"ये," कुशाबाई कुजबुजल्या. "ये गं... हिकडं ये..."

सोजराबाई रडत होत्या. साहेबरावांनी कपाळ स्टिअरिंगवर टेकवले होते. "नकुशे," ते म्हणाले, "आवं, आता तरी..."  जिवंत असताना त्यांनी तिला कधी अहोजाहो केले असेल असे मला वाटत नाही.

कुशाबाई एकदा मोठ्याने कण्हल्या. मग दीर्घ श्वास सोडला. वास गेला. गाडी आपोआप पुढे सरकली आणि साहेबरावांनी गिअर टाकला.

मी मागे वळून पाहिले. सगळ्या क्लिपा आपापल्या जागी होत्या. रेक्झिन सपाट होते, एक सुरकुती नव्हती. मी हात लांबवून टेकवला. गार. कुशाबाई दोन्ही हात पोटावर घेऊन बसल्या होत्या आणि त्यांना धाप लागली होती.

"कळा सुरू झाल्या," त्या म्हणाल्या. "घरी नगं. दवाखान्यात घ्या."

दौंडला दिवे लागायच्या आत पोचलो. कुशाबाईंना आत नेले. नर्सबाई वयस्कर होत्या, हाताच्या हलक्या. त्यांनी पोटावर नळी ठेवून ऐकले, नळी दुसऱ्या बाजूला ठेवली, परत पहिल्या बाजूला आणली.

"जुळं आहे, हे आधी का नाही सांगितलंत?" त्यांनी सोजराबाईंना विचारले.

"जुळं?" सोजराबाई म्हणाल्या. "न्हाई, बाई. सुईन सिंधूबाईनं परवाच बघितलंय. एकच हाय."

"दोन ठोके आहेत. नीट ऐकलेत मी." त्यांनी पोटाच्या डाव्या बाजूला हात ठेवला आणि जरा थांबल्या. "हे मोठं आहे. पहिलं लहान, हे बरंच मोठं आहे. यालाच वेळ लागेल."

त्यांनी पडदा ओढला. साहेबराव बाकावर बसले. सोजराबाई मुठीतले खिळे घेऊन बाहेर गेल्या आणि रिकाम्या हातांनी परत आल्या. मीही बाकावर बसलो. आतून कुशाबाईंचा आवाज येत होता. मध्येच, तितक्याच कष्टाने, दुसऱ्या एका बाईचा. त्या खोलीत खाट एकच होती. नर्सबाईंनी दोनदा पडदा सारून विचारले की आत तुमचं कोणी माणूस बसलं आहे का. आम्ही तिघेही बाकावरच होतो.

शनिवार, २९ नोव्हेंबर. आकाश निरभ्र, थंडी. कुशाबाई सकाळी बाळंत झाल्या. आधी मुलगा, पाच पौंड. त्याच्या मागून मुलगी, अकरा पौंड. आई आणि दोन्ही मुले सुखरूप आहेत. मुलगा रडला. मुलगी रडली नाही. तिला तीन वर्षांच्या मुलाला असतात तसे वरचे आणि खालचे सगळे दात आहेत, दाढांसकट.